सुगंधाचा उजवा हात

ताट समोर ठेवलं तरी पोरगी जेवेना.

दुपारची वेळ होती. बाकीची लेकरं पंगतीत खाली मान घालून वरण-भात ओरपत होती. सुगंधा त्याच दिवशी सकाळी आली होती. दहा-अकरा वर्षांची, केस बारीक कापलेले, अंगात बालगृहाचा निळा फ्रॉक. बडनेऱ्याच्या स्टेशनवर पोलिसांना सापडली, काही महिने अमरावतीच्या मुलींच्या बालगृहात राहिली आणि तिथून आमच्या शाळेत आली. नावही तिथल्याच बायांनी ठेवलेलं. ऐकू येत नाही, बोलता येत नाही, समज वयापेक्षा कमी, एवढंच तिच्याबद्दल सांगितलं होतं.

“काहून जेवत नाई वो माय?” मी म्हटलं. ऐकू येत नाही हे माहीत असलं तरी मी लेकरांशी बोलायचीच. ताटाकडे बोट केलं, घास तोंडाकडे नेऊन दाखवला. तिनं ताटाकडे पाहिलंसुद्धा नाही. डावा तळवा फरशीवर सपाट ठेवला आणि माझ्या पायाकडे बघत बसली.

ती कशाची तरी वाट बघत होती. मला काही समजायच्या आधीच माझा पाय उचलला गेला आणि टाच फरशीवर आपटली. हादरा तिच्या तळव्याला पोचला असणार. तिनं फरशीवर एक थाप मारली, आणि डाव्या हातानं जेवायला लागली. उजवा हात तिनं मूठ करून काखेत दाबून धरला होता.

वरणाचं भांडं मी खाली ठेवलं आणि भिंतीला टेकले.

टाच आपटून ताट देणं हे मी एकाच लेकरासाठी करायची. दिगांबर. आम्ही दिगू म्हणायचो. त्याला ऐकू येत नव्हतं, आणि मागून कोणी आलं की दचकून तो ताट सांडायचा. म्हणून मी टाच आपटायची. तो फरशीला हात लावून ओळखायचा की मावशी आली, आणि थाप मारून जबाब द्यायचा. हे आमच्या दोघांतलं होतं. त्याची उजवी बाजू जन्मापासून लुळी, हात आखडलेला, म्हणून तो डाव्या हातानं जेवायचा आणि उजव्याची मूठ काखेत दाबून ठेवायचा.

दिगू मरून दोन वर्षं झाली होती. वर्गाच्या भिंतीवर हार घातलेला त्याचा फोटो होता.

सुगंधाच्या उजव्या हाताला काहीच झालेलं नव्हतं. सकाळी तिला आंघोळ मीच घातली होती. हात चांगला धडधाकट होता.

याला आता वीस-बावीस वर्षं झाली. आमची शाळा मूर्तिजापूरच्या पुढं, एका बंद पडलेल्या जिनिंगमध्ये होती. सरकी काढायची यंत्रं कधीच विकली गेली होती, पण वरच्या लाकडी तुळयांत कापसाचे पुंजके अडकून राहिले होते. वारा सुटला की ते खाली यायचे. लेकरं झोपलेली असायची आणि त्यांच्या अंगावर कापूस हळूहळू उतरायचा. नवीन माणसाला ते बघवत नसे. मला सवय झाली होती. मी स्वयंपाक करायची आणि वसतिगृहही सांभाळायची.

शिकवणारे तिघं. हिरुळकर मॅडम मुख्याध्यापिका, वर्गही त्याच घ्यायच्या. लेले मॅडम पुण्याच्या, लेकरांना आवाज काढायला शिकवायच्या. नईम सर अकोल्याचे, ते हातापायांचे व्यायाम घ्यायचे. पूर्वी दर शनिवारी हे तिघं आणि मी वजनकाट्याच्या जुन्या खोलीत बसायचो. एकेक लेकरू घ्यायचं आणि ते कोणाकडे काय करतं, कोणाकडे काय करत नाही, हे एकमेकांना सांगायचं. चहा व्हायचा, भांडणं व्हायची, हसू व्हायचं.

दिगू गेल्यावर ते बंद पडलं. त्या दिवाळीत त्याचा काका त्याला घरी न्यायला आला होता. नईम सर म्हणाले होते, आत्ता पाठवू नका, पाय वळायला लागलाय. लेले मॅडम म्हणाल्या होत्या, जाऊ द्या, घरची माणसं बघतील. हिरुळकर मॅडमनी पाठवला. वीस-पंचवीस दिवसांनी काका एकटाच आला. तापानं गेला म्हणाला, माती दिली म्हणाला, दिगूची पेटी घेऊन गेला. त्यानंतर त्या तिघांत जे बोलणं झालं ते मी दाराबाहेरून ऐकलं होतं. पुढं शनिवारी कोणी बसेना. ज्यानं त्यानं आपल्या खोलीत शिकवावं, महिन्याला मॅडमच्या टेबलावर कागद ठेवावा आणि घरी जावं.

त्यामुळे पंगतीत काय झालं ते मी कोणालाच सांगितलं नाही. सांगून काय म्हणणार होते? म्हातारीला दिगूची आठवण आली, एवढंच.

पण मी बघत राहिले.

वसतिगृहातून अंगणात उतरायला दगडी पायऱ्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सुगंधा वरच्या पायरीवर आली, पाठ फिरवली आणि उलटी उतरायला लागली, शिडीवरून उतरतात तशी. डावा हात भिंतीला, उजवा काखेत. अंगणातली लेकरं खेळता खेळता थांबली. खाली उतरून ती वळली तेव्हा एका बारक्या पोरानं आपल्या डाव्या कानाची पाळी ओढली.

कानाची पाळी ओढणं म्हणजे दिगू. त्याचा तो कान लहानपणी भाजला होता, म्हणून लेकरांनी त्याची तीच खूण ठरवली होती. सुगंधानं ती खूण पाहिली आणि खुशीत मान हलवली.

त्या दिवसापासून बारकी पोरं तिला तशीच हाक मारायला लागली. मोठ्या मुली मात्र तिच्याजवळ झोपेनात. दुपारी मी गाद्या घालायची तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहायची.

मोठी माणसंही बदलली. लेले मॅडम उन्हाळ्यातही कधी डोक्यावर पदर घेत नसत, त्या ओढणीनं डोकं घट्ट गुंडाळून यायला लागल्या. मी विचारलं, “डोकं दुखते का वो मॅडम?”

“कापूस पडतो ना वरून,” त्या म्हणाल्या.

कापूस तर इतकी वर्षं पडत होता.

नईम सरांनी सुगंधाचे व्यायाम कमी केले. एकदा ती पायरीकडे निघाली तर त्यांनी तिला उचलून खाली आणलं आणि घाईनं जमिनीवर ठेवलं, निखारा टाकावा तसं. हिरुळकर मॅडमनी तिला वर्गात शेवटच्या रांगेत बसवलं, खिडकीकडे तोंड करून.

मला वाटलं, यांना दिसतच नाही काही. आता कळतं की प्रत्येकाला दिसत होतं आणि प्रत्येकाला वाटत होतं की फक्त आपल्यालाच दिसतं.

मग एक दिवस मी ठरवलं, काय असेल ते असो, बघून टाकू. लेकरं मैदानात होती. मी सुगंधाचा हात धरला आणि तिला रिकाम्या वर्गात दिगूच्या फोटोसमोर नेलं. दार लोटून घेतलं. तुळयांवरून एक पुंजका निघाला आणि आमच्या दोघींच्या मध्ये तरंगत राहिला.

तिनं फोटोकडे बराच वेळ पाहिलं. मग बाकावर चढली, हार काढला आणि खाली टाकून दिला. मी पुढं झाले नाही. तिनं फोटोखालच्या भिंतीवर डावा तळवा सपाट ठेवला आणि वाट बघत उभी राहिली. पंगतीत बसली होती तशीच.

आणि भिंत हादरली.

मला ते माझ्या पाठीला टेकलेल्या दारात जाणवलं. मागच्या रस्त्यानं उसाचा ट्रक गेला असेल. जायचेच तिथून. पण त्या वेळी मला ट्रक ऐकू आला नाही. सुगंधानं मात्र भिंतीवर थाप मारली, माझ्याकडे वळली आणि तोंडभर हसली.

मी तिला तिथंच सोडून पळाले. पन्नाशीची बाई, चपला हातात घेऊन मैदानापर्यंत पळाले.

तीन महिने झाले. अमरावतीला कळवायचं होतं की पोरगी ठेवून घेतो की परत पाठवतो. आम्ही नाही म्हटलं तर ती दूरच्या एका मोठ्या संस्थेत जाणार होती. तिथं मोठ्या बाया आणि लेकरं एकाच ठिकाणी, शिकवणारं कोणी नाही. एकदा तिथं गेलेलं लेकरू परत कधी बाहेर आल्याचं आमच्या कोणाच्या ऐकण्यात नव्हतं. हिरुळकर मॅडमनी शनिवारी सगळ्यांना काट्याच्या खोलीत बोलावलं. दोन वर्षांत पहिल्यांदा आम्ही चौघं तिथं बसलो.

ती खोली अंगणापेक्षा खाली होती, दारापासून चार पायऱ्या उतराव्या लागत. थंडीचे दिवस, ऊन लवकर कलायचं. कोणी चहाचंही नाव काढलं नाही.

मॅडमनी तीन कागद पुढं ठेवले. “सगळ्यांचं मत आलंय. वच्छलामावशी, वसतिगृहाचा म्हणून तुमचा अंगठा लागेल.”

मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. ते पुढं त्यांनीच शिकवलं, त्याच वर्गात, त्याच बाकावर. तेव्हा मी म्हटलं, “काय लिवलं ते वाचून तर दाखवा मॅडम. मी कशावर अंगठा देऊन रायली ते मले समजू द्या.”

“काय वाचायचं त्यात,” नईम सर म्हणाले. “सगळ्यांचं एकच आहे. पाठवा म्हणून.”

“तरी वाचा.”

मॅडमनी चष्मा लावला. लेले मॅडमनी लिहिलं होतं की मुलीला स्पर्शाची मोठी अडचण आहे, जवळ येऊ देत नाही, आवाजाचं शिक्षण इथं शक्य नाही.

नईम सर मध्येच म्हणाले, “जवळ येऊ देत नाही? माझ्याकडे तर खांद्यावर चढते ती.”

“तुमच्याकडे चढत असेल,” लेले मॅडम म्हणाल्या. “तुमचं काय लिहिलंय?”

नईम सरांनी लिहिलं होतं की मुलीच्या चालण्यात दोष आहे, उजवी बाजू वापरत नाही, मेंदूचा आजार असावा, मोठ्या दवाखान्याजवळ ठेवावी.

“दोष?” हिरुळकर मॅडमनी कागद खाली केला. “नईम, काल ती झाडावर चढली होती. दोन्ही हातांनी.”

“मग तुमचं वाचा ना तुम्ही.”

मॅडमनी स्वतःचं वाचलं नाही. नुसता कागद पालथा घातला.

“वा,” लेले मॅडम म्हणाल्या. “कारण तुमच्याकडेही नाही. फक्त पाठवायचं आहे. पाठवायची सवयच आहे म्हणा आपल्याला.”

“मॅडम, तोंड सांभाळा,” नईम सर म्हणाले. “‘जाऊ द्या’ कोण म्हणालं होतं तेव्हा?”

“मी म्हणाले होते. रोज आठवतं मला. तुम्ही नका आठवण करून देऊ.”

दोन वर्षांपूर्वीचं भांडण जिथं थांबलं होतं तिथूनच सुरू होणार होतं. पण लेले मॅडमचा हात डोक्यावरच्या ओढणीकडे गेला आणि त्या एकदम रडायलाच लागल्या.

“ती माझ्या टाळूवर हात ठेवते,” त्या म्हणाल्या.

त्यांनी ओढणी आणखी घट्ट धरली.

“सगळ्या मुलांना मी गळ्याला हात लावायला शिकवते. आवाज तिथं कळतो. दिगूला गळा धरलेला चालायचा नाही, भ्यायचा तो. म्हणून त्याचा हात मी माझ्या टाळूवर ठेवायचे आणि ‘म’ म्हणायचे. फक्त त्याच्यासाठी. दार बंद करून. ही पोरगी पहिल्या दिवशी आत आली, स्टुलावर चढली, माझ्या टाळूवर हात ठेवला आणि थांबली. मी गप्प, तर तिनंच सुरू केलं. म्… म्… अगदी तसंच. मला रात्री झोप येत नाही हो. मला त्या खोलीत तिच्याबरोबर नाही बसवत.”

नईम सरांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. “पायऱ्या,” ते म्हणाले. “उलटं उतरायला मी त्याला शिकवलं होतं. सरळ उतरला की पडायचा तो. दुसऱ्या कोणत्याच मुलाला मी ते शिकवलेलं नाही. हिचे पाय एकदम चांगले आहेत. दोष नाही. मी खोटं लिहिलं.”

“वर्गात ती मोजते,” हिरुळकर मॅडम हळूच म्हणाल्या. “डाव्या हाताच्या पेरांवर, डाव्याच अंगठ्यानं. त्याचा दुसरा हात चालत नव्हता म्हणून ते मी त्याच्यासाठी काढलं होतं.”

मग मीही टाचेचं सांगितलं. फोटोचं सांगितलं. भिंत हादरल्याचं सांगताना लेले मॅडमनी माझं मनगट धरलं.

आम्ही चौघं मोठी माणसं. एकेकाजवळ असताना तो भास होता. चौघांचं एकत्र झालं तेव्हा त्याचा एक पोरगा झाला. उलटा चालणारा, डाव्या हातानं जेवणारा, टाळूवर हात ठेवणारा. तो खोलीत आमच्यात येऊन बसला असं मला वाटलं. खरंच वाटलं.

“मांत्रिक-बिंत्रिक काही आणायचा नाही,” मॅडम म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता.

“आणत नाई. पण मले भेव लागते, ते काय करू?”

तेवढ्यात दारातला उजेड कमी झाला. वरच्या पायरीवर सुगंधा उभी होती. मैदानातून एकटीच आली होती. तिनं पाठ फिरवली आणि उतरायला लागली. तिचं तोंड आम्हाला दिसत नव्हतं. बारीक कापलेले केस, काखेतली मूठ, भिंतीवरून घासत येणारा डावा हात. मागून बघितलं तर सांगताच आलं नसतं की पोरगी आहे का पोरगा.

लेले मॅडमनी डोळे मिटून घेतले.

“थांबा,” नईम सर म्हणाले. ते उठून उभे राहिले होते. “पाय बघा तिचे. मावशी, बघा.”

“काय बघू?”

“दिगू कसा उतरायचा? एका पायरीवर दोन्ही पाय आणायचा, मग पुढची. हो ना? ही एकाआड एक टाकते. डावा, उजवा, डावा. उलटं उतरताना.” त्यांनी पायऱ्यांकडे बोट केलं. “हे त्याला येत नव्हतं. दिवाळीनंतर हेच शिकवणार होतो मी त्याला.”

“म्हणजे आणखी भयंकर,” लेले मॅडम म्हणाल्या.

हिरुळकर मॅडम मात्र घाईनं टेबलाचा खण उघडायला लागल्या. चिंचोक्यांची पिशवी काढली, सुगंधाला जवळ घेतलं आणि मूठभर चिंचोके तिच्यापुढं ओतले. पोरीनं उजवा हात काखेत दाबला आणि डावा अंगठा पेरावर ठेवला. तर्जनीची तीन पेरं झाली. मधलं बोट झालं. अनामिका झाली. करंगळीही झाली. सगळी पेरं संपली तेव्हा तिनं गुडघ्यावर एक थाप मारली आणि पुन्हा तर्जनीपासून सुरू केलं.

“ही थाप मी शिकवलेली नाही,” मॅडम म्हणाल्या. “तो मधल्या बोटाच्या पुढं कधी गेला नाही. दोन वर्षं घासलं मी. दोनच बोटं यायची त्याला.”

“मेल्यावर शिकला म्हणायचं का?” लेले मॅडम म्हणाल्या आणि विचित्र हसल्या.

“मेल्यावर कोण शिकतं, मॅडम?” नईम सर म्हणाले.

सुगंधानं गुडघ्यावर दुसरी थाप मारली. मग लेले मॅडमनी डोक्यावरची ओढणी सोडली.

“पंचवीस दिवसांत चार बोटं नाही शिकला तो,” त्या म्हणाल्या. “वर्ष लागलं असेल. जास्त. आणि हिला शिकवायला आणखी.”

“त्याले माती देताना कोनं पाह्यलं?” मी विचारलं. “आपल्यातून कोणी गेलं होतं?”

कोणी गेलं नव्हतं. आम्ही आपसांत भांडत बसलो होतो.

हिरुळकर मॅडम म्हणाल्या, “मावशी, तुम्ही विचारा तिला. मुलांच्या खुणा तुम्हाला जास्त येतात.”

मी तिच्यासमोर बसले. डाव्या कानाची पाळी ओढली. मग दोन्ही हात उघडून इकडे तिकडे बघितलं. दिगू कुठं?

ती आमच्याकडे पाहायला लागली, एकेकाकडे. तीन महिने ती तेच सांगत होती आणि आम्ही आता विचारत होतो. तिनं कोपर मागं-पुढं केलं, आगगाडीची चाकं फिरतात तसं. मग आडवं झोपून दाखवलं, आणि कुशीत दुसरं कोणी असल्यासारखा हात टाकला. उठून डोक्यावर टोपी घातल्याची खूण केली, पोलिसाची. मग माझे दोन्ही तळवे धरून एकमेकांजवळ आणले आणि मिटवले. फाटक. फाटकाच्या एका बाजूला तिनं स्वतःला दाखवलं. दुसऱ्या बाजूला कानाची पाळी ओढली.

सोमवारी पहाटेच्या गाडीनं आम्ही अमरावतीला गेलो. मी, लेले मॅडम, नईम सर आणि सुगंधा. लेकरांजवळ हिरुळकर मॅडम थांबल्या. मुलींच्या बालगृहातल्या बाईंना आठवलं. हो, त्या दिवशी दोघं आणली होती. एकमेकांना सोडेनात, फाटकात फार रडारड झाली. पण इथं मुलींचीच सोय, मुलगा मुलांच्या बालगृहात गेला. नाव सांगता येईना म्हणून तिकडं त्याला काहीतरी नाव दिलं असेल.

“हिच्याबरोबर कोणी होतं हे तुम्ही कळवलं नाही,” लेले मॅडम म्हणाल्या.

“तुम्ही तिचं विचारलंत, आम्ही तिचं कळवलं,” त्या बाई म्हणाल्या. रागानं नाही. जसं होतं तसं सांगितलं त्यांनी.

मुलांचं बालगृह गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. रिक्षात नईम सर सारखे स्वतःच्या बोटांची पेरं दाबत होते.

लांब व्हरांडा होता. उन्हात पोरं बसली होती. अगदी टोकाला, आमच्याकडे पाठ करून, एक उंच पोरगा भिंतीला टेकून बसला होता. खांदे रुंद झालेले. उजवी मूठ काखेत.

सुगंधा पळाली. त्याच्यापाशी जाऊन तिनं जोरात पाय आपटला. त्यानं फरशीला हात लावला, थाप मारली, वळला. तिला पाहून त्याचं सगळं तोंड उघडलं. ओठांवर बारीक लव आली होती. दिगूच होता.

“दिगू,” मी म्हटलं. मी दोन पावलं पुढं गेले.

त्यानं मान वर केली आणि मला पाहिलं.

मला वाटलं होतं तो धावत येईल. तो आला नाही. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तो ढुंगणावर सरकत मागं गेला, भिंतीपर्यंत गेला, आणि सुगंधाला ओढून आपल्या मागं घातलं. मी ते तोंड ओळखलं. वर्गातल्या फोटोसमोर त्या दुपारी माझं तसंच झालं असणार.

त्यानं डावा तळवा छातीवर घासला आणि झटकला. संपलं. आमच्या शाळेत ताट रिकामं झालं, खडू झिजून गेला, अंगणात कावळा मरून पडला, सगळ्याला ती एकच खूण होती. त्यानं माझ्याकडे बोट केलं आणि तळवा झटकला. लेले मॅडमकडे बोट केलं, झटकला. नईम सरांकडे केलं, झटकला. मग तोच हात दोन्ही बाजूंना फिरवून सगळी शाळा दाखवली, आणि ती पण झटकून टाकली.

“काकानं सांगितलंय त्याला,” नईम सर पुटपुटले. “आपण सगळे मेलो म्हणून सांगितलंय. परत यायचा हट्ट धरू नये म्हणून. आणि मग गाडीत सोडून दिलं असणार.”

लेले मॅडमनी पुढं जायला पाय उचलला. मी त्यांना अडवलं. “थांबा. त्याले येऊ द्या.”

आम्ही तिघं उन्हात उभे राहिलो. बाकीची पोरं आमच्याकडे बघत होती. कितीतरी वेळ गेला. मग तो भिंत धरून उठला. पाय वळलेलाच होता. नईम सरांनी मान खाली घातली. एकेक पाऊल टाकत, अंग चोरत तो माझ्यापर्यंत आला. माझ्याहून उंच झाला होता. त्यानं मला शिवलं नाही. डावा तळवा माझ्या नाकाखाली धरला आणि थांबला.

मी श्वास सोडला.

त्यानं तळवा मागं घेतला, त्याकडे पाहिलं, पुन्हा धरला. मी पुन्हा सोडला. मग तो लेले मॅडमकडे गेला. त्यांच्या नाकाखाली धरला. त्या रडत होत्या, त्यामुळे त्यांचा श्वास तुटत तुटत येत होता, तो सगळा त्यानं हातावर घेतला. मग नईम सरांकडे गेला. तिथं जास्त वेळ थांबला.

मग आमच्या मधोमध उभा राहून त्यानं तो तळवा स्वतःच्या नाकाखाली धरला.